पकडायचं की लिहायचं

बाईंना किळस फार लवकर यायची. फळ्याचं आंबूस वासाचं ओलं फडकं, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, कपाच्या कडेला राहिलेला ओठांचा डाग, असल्या गोष्टींनी त्यांच्या पोटात ढवळायचं. पण या सगळ्यांच्या वरताण एक गोष्ट होती. काही न कळता मान हलवणारा माणूस. 'हो हो, अगदी बरोबर' म्हणत मुंडी डोलावणारं कुणी दिसलं की बाईंचं तोंड कडू व्हायचं. आणि नशीब असं की गेली तेवीस वर्षं त्या चौथीच्या वर्गाला शिकवत होत्या. म्हणजे दिवसाला छत्तीस मुंड्या.

त्यांची आई शिवणकाम करायची. घराची पुढची खोली तेच दुकान. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं तरी आई गळ्यातली टेप काढायचीच. "अहो, मागच्याच महिन्यात माप घेतलंत की," असं कुणी म्हणालं तर म्हणायची, "ते वहीत आहे. तुम्ही इथं उभ्या आहात." मशीनच्या पायाशी चिंध्या वेचत बाई मोठ्या झाल्या. त्यामुळे ऐकीव गोष्टीवर कात्री चालवायची नाही, हे त्यांना मुद्दाम शिकवावं लागलं नाही.

तरीही शिकवायला लागल्यावर पहिली तीन वर्षं त्यांनी चारचौघांसारखंच शिकवलं. पुस्तक वाचायचं, फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. चौथ्या वर्षी एका सकाळी घाईघाईत त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कोळ्याला सहा पाय असतात.' चूक त्यांच्या ध्यानात आली नाही. अडतीस मुलांनी ते निमूट उतरवलं. दुपारी एका मुलीच्या बाकात काड्यापेटी खुडखुडताना ऐकू आली. बाईंनी उघडायला लावली, तर आत जिवंत कोळी.

"किती पाय आहेत गं याला?"

"आठ," मुलगी म्हणाली. "मी मोजलेत. दोनदा."

"मग वहीत सहा कसे?"

"तुम्ही लिहिलेत म्हणून."

मुलगी घाबरलेली नव्हती, खोटंही बोलत नव्हती. काड्यापेटीतले पाय वेगळे आणि वहीतले वेगळे, एवढंच तिचं म्हणणं. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. किळस मुलीची नव्हती, स्वतःची होती. नवरा बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला सांगितलं तर हात पुसत म्हणाला, "आमच्यात असं करून चालत नाही बाई. ब्रेक लागतो असं कागदावर लिहिलं म्हणून बस थांबत नाही."

त्या आठवड्यापासून बाईंनी शुक्रवारची थाप सुरू केली. दर शुक्रवारी धड्यात कुठेतरी एक धडधडीत खोटं घालायचं आणि मुलांनी ते पकडायचं. पण नुसतं 'बाई, चूक' म्हणून भागायचं नाही. "कशावरून?" याला उत्तर द्यावं लागे, आणि 'पुस्तकात आहे', 'आई म्हणते', 'सगळ्यांना माहितीये' ही तीन उत्तरं बाद. 'अजून माहीत नाही' हे उत्तर मात्र चाले. ते म्हणणाऱ्याला कुणी हसलं तर हसणाऱ्याने उभं राहायचं.

चंद्र दिवसा कधीच दिसत नाही, अशी थाप बाईंनी मारली तेव्हा एक पोरगा सोमवारी तीन शेजाऱ्यांना साक्षीदार म्हणून घेऊन शाळेच्या फाटकात हजर झाला. जड वस्तू आधी पडते, या थापेच्या वेळी वर्गाने वरच्या मजल्यावरून खोडरबर आणि जेवणाचा डबा एकदम सोडले. दोन्ही एकदमच पोचले. डबा संगीताच्या सरांच्या छत्रीवर पोचला. संगीताचे सर पुढे महिनाभर बाईंशी सुरात बोलले नाहीत.

तेव्हापासून त्यांचं नाव 'कशावरूनबाई' पडलं. पालकांच्या तक्रारी यायच्या. एका मुलाने जेवता जेवता काकांना विचारलं की तुम्ही एकट्याने चार चोर पळवून लावलेत हे कशावरून, आणि काका ताटावरून उठले. मुलाची आई दुसऱ्या दिवशी आली. "बाई, तुम्ही गणित शिकवा. उलट बोलायला ती घरीच शिकतात."

बाई हसल्या. असे दिवस चांगले होते. त्यांचा वीट येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग वरच्या कार्यालयातून एक रंगीत खोका आला. खोक्यावर विचारात पडलेल्या गोऱ्यागोमट्या मुलाचं चित्र, आणि नाव 'विचार करूया'. आत छत्तीस पुस्तिका. प्रत्येक पानावर एक प्रश्न, आणि शेवटी सगळ्या प्रश्नांची आदर्श उत्तरं. मुलांनी स्वतःच्या डोक्याने काय विचार करायचा, तो तयार करून दिलेला. बाईंनी शेवटचं पान उघडलं आणि कुणीतरी चावलेला घास ताटात वाढावा तसं त्यांना झालं.

शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या साहेबांचा टाय पोटावर आडवा पडत होता. "मुलांना मुक्तपणे प्रश्न विचारू द्या," असं त्यांनी पहिल्या तासात सात वेळा सांगितलं. बाईंनी हात वर केला. "या पुस्तिकेने मुलं विचार करायला शिकतात, हे कशावरून ठरलं?"

"प्रश्न शेवटी घेऊया," साहेब म्हणाले.

शेवटी चहा आला. चहानंतर साहेबांची गाडी आली. साठ शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंच्या शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंनी वाजवता वाजवता विचारलं, "काय सांगत होते गं ते?"

इथवर बाई नाक मुरडून गप्प बसू शकल्या असत्या. पुस्तिका कपाटात, आपली थाप फळ्यावर, असं वर्ष निघालं असतं. पण मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, बाईंना खोलीत बोलावलं. मोठे सर वाईट माणूस नव्हते. एके काळी याच बाईंच्या शेजारच्या वर्गात ते भूगोल शिकवायचे, आणि छान शिकवायचे. खुर्चीत बसल्यापासून मात्र त्यांची जीभ मऊ आणि पाठ त्याहून मऊ झाली होती.

"आपली शाळा आदर्श शाळा म्हणून निवडली जाणार आहे," ते म्हणाले. "समिती येणार, चित्रीकरण होणार. वर्ग तुमचाच दाखवायचा. सगळ्या शाळेत विचार करणारी मुलं तुमच्याच वर्गात आहेत, हे मला ठाऊक नाही का?"

"मग येऊ देत की. शुक्रवारी या म्हणावं."

"तसं नाही. पुस्तिकेतला पाठ दाखवायचाय. कोणत्या मुलाने कोणता प्रश्न विचारायचा ते आधी ठरवू. ऐन वेळी कुणी भलतंच विचारलं तर?"

"सर, भलतंच विचारणं यालाच तर..."

"कळतं हो मला." सरांनी आवाज खाली आणला. "मुलींचं स्वच्छतागृह. आदर्श शाळा झालो की पहिलं काम तेच. शब्द देतो."

त्या स्वच्छतागृहाला स्वच्छ म्हणणं हीच शाळेतली सगळ्यात मोठी थाप होती. तीन दारं, त्यातल्या एकाला कडी नाही, दुसरं एका बिजागरीवर लोंबकळणारं, तिसरं कायमचं बंद. जमिनीवर पिवळं पाणी साचलेलं असे. मुली टाचांवर चालत जात आणि नाक दाबून पळत बाहेर येत. वास जिन्यापर्यंत यायचा. बहुतेक मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. बाईंच्या वर्गात एक लहानखुरी मुलगी होती, सतत काहीतरी उचलून नेत असायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिची पाण्याची बाटली सकाळी भरलेली यायची आणि संध्याकाळी भरलेलीच घरी जायची. बाईंनी सहा वर्षांत सात अर्ज केले होते. सातही 'विचाराधीन' होते.

"किती दिवस तयारी करायची?" बाईंनी विचारलं.

"सहा," सर म्हणाले आणि त्यांनी बाईंसाठी चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही.

चिठ्ठ्या बाईंनीच लिहिल्या, स्वतःच्या सुंदर अक्षरात. प्रत्येक मुलाला एक. मुंगीच्या चिठ्ठीवर होतं, 'बाई, सगळी झाडं पानं का गाळत नाहीत?'

मुंगी चिठ्ठी घेऊन टेबलापाशी आली. "बाई, याचं उत्तर मला येतं. मग मी विचारायचं कशाला?"

"तू फक्त विचार."

"पण मला प्रश्न पडलाच नाहीये."

"मुंगे, जागेवर बस." आपला आवाज बाईंना अनोळखी वाटला. तो टायवाल्या साहेबांचा होता.

चौथ्या दिवशी मोठे सर तालीम बघायला आले. "प्रश्न विचारायच्या आधी जरा थांबायचं बरं का. असं." त्यांनी गालावर बोट ठेवलं आणि छताकडे पाहिलं. "म्हणजे विचार करतोय असं दिसतं." छत्तीस बोटं छत्तीस गालांवर गेली. छत्तीस चेहरे छताकडे वळले. छतावर एक जुनी ओल होती, तिच्याकडे सगळा वर्ग गंभीरपणे बघत राहिला. बाईंना खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं.

सगळ्यात शिसारी आणणारी गोष्ट ही की मुलांना मजा वाटत होती. सहाव्या दिवशी तर ती इतकी तरबेज झाली की एकमेकांच्या चुका काढू लागली. "बाई, हा थांबलाच नाही! बाई, हिने बोट हनुवटीवर ठेवलं!" तेवीस वर्षांत इतक्या झटपट बाईंनी दुसरं काही शिकवलं नव्हतं.

समिती आली. पाच माणसं, दोन कॅमेरे. समितीच्या प्रमुख बाईंच्या अत्तराचा वास जिन्यातल्या वासात मिसळून असा काही झाला की चित्रकलेच्या बाई रुमाल शोधायला गेल्या त्या परतल्याच नाहीत. पाठ घड्याळासारखा झाला. मुलं थांबली, छताकडे बघितलं, विचारलं. उत्तरं देणारी थांबली, बोट ठेवलं, उत्तरली. मुंगीने झाडांचा प्रश्न विचारला. कॅमेऱ्यावाला म्हणाला, "जरा पुन्हा," तेव्हा तिने पुन्हा तसाच विचारला, तेवढंच थांबून.

शेवटी प्रमुख बाई कौतुकाने म्हणाल्या, "वा! आता कुणालाही, काहीही विचारायचं असेल तर मला विचारा."

वर्ग चिडीचूप. मग छत्तीस माना बाईंकडे वळल्या. कोणती चिठ्ठी, असं ते डोळे विचारत होते. ज्या वर्गाने डबा खाली सोडून बघितला होता, चंद्राला साक्षीदार आणले होते, त्याच चौथीच्या वर्गातली ही मुलं, आणि परवानगी मिळूनही त्यांच्या तोंडात एक प्रश्न नव्हता. बाईंना वाटलं आता कुणीतरी बोलेल. मुंगी तरी. मुंगी बाकावर हात ठेवून सरळ बसली होती.

"किती शिस्त आहे!" प्रमुख बाई म्हणाल्या.

"बाईंची मेहनत," मोठे सर म्हणाले.

बाईंची मान हलली. हो, त्यांचीच. समिती गेल्यावर त्या शिक्षकांच्या मोरीत जाऊन ओकल्या.

मोठ्या सरांनी शब्द पाळला, हे सांगायला हवं. दोन महिन्यांत तिन्ही दारांना कड्या लागल्या, पांढऱ्या फरशा बसल्या, नळाला पाणी आलं. मुली पाणी पिऊ लागल्या. मुंगीची बाटली दुपारीच रिकामी होऊ लागली. त्यामुळे बाईंची मोठीच पंचाईत झाली. झालेल्या गोष्टीचा धड मनसोक्त तिरस्कारही करता येईना. नवरा म्हणाला, "अगं, काम झालं ना? मग आता कशाला कुढतेस?" बाई म्हणाल्या, "अहो, फरशा धुऊन निघतात हो."

कड्या लागायच्या आधीच, समिती गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी बाईंनी नेहमीप्रमाणे थाप मारली. अगदी बटबटीत. फळ्यावर लिहिलं, 'पाणी उताराकडून चढाकडे वाहतं.' आणि वाट बघितली. मुलांनी पेनं हातात घेतली, पण कुणी लिहिना आणि कुणी बोलेना. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला.

"बाई, हे पकडायचं की लिहायचं?"

बाई खुर्चीत बसल्या. वर्गात बसून शिकवायची त्यांची सवय नव्हती, त्यामुळे मुलं जरा घाबरली. मग बाई म्हणाल्या, "समितीपुढे जे केलं ना आपण, तीच थाप होती. मोठी. मी मारली. आणि तुमच्यातल्या एकानेही ती पकडली नाही."

"पण तुम्हीच सांगितलं होतं," कुणीतरी म्हणालं.

"हो. मीच सांगितलं होतं. ती माझी चूक. आता मला सांगा, त्या पाच पाहुण्यांना ती पकडायची असती तर कशावरून पकडता आली असती?"

मग मुंगी हळूच म्हणाली, "मी विचारलं तेव्हा मला उत्तर ऐकायचंच नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होते. ज्याला खरंच प्रश्न पडतो तो उत्तर देणाऱ्याकडे बघतो."

मग धरण फुटावं तसं झालं. सगळे एकाच बाजूच्या गालावर बोट ठेवत होते. प्रश्न संपायच्या आधी मोठे सर हसायचे. कुणीच कुणाला 'नाही, चूक' म्हणालं नाही. एकानेही 'अजून माहीत नाही' म्हटलं नाही. दोनदा विचारलं तरी शब्द तेच. तास संपेपर्यंत फळ्यावर चौदा खुणा झाल्या. बाईंनी त्या मुलांच्याच शब्दांत उतरवून घेतल्या, खाली घडलेलं सगळं लिहिलं, सही केली, आणि पत्र समितीला पाठवलं. मोठ्या सरांना प्रत दिली.

सरांनी ती वाचून चष्मा काढला. "तुम्ही मला बुडवणार."

"मी स्वतःलाच आधी लिहिलंय, सर. पहिल्या ओळीत."

बाईंना वाटलं चौकशी लागेल, बदली होईल. त्यांनी मनाची तयारीही केली होती. पण कुणीच रागावलं नाही. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं, 'आपल्या मौल्यवान सूचनांबद्दल आभार.' आणि पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांचे खोके आले तेव्हा पुस्तिकेची नवी आवृत्ती होती. पाचवीच्या पुस्तिकेत एक नवं पान होतं. 'कृती एकवीस. दिखाऊ पाठ कसा ओळखाल?' खाली चौदा मुद्दे, जरा इस्त्री केलेल्या भाषेत. 'पाठ करा. परीक्षेत कोणतेही चार विचारले जातील.'

बाईंनी ते पान उभ्यानेच वाचलं. संताप यायला हवा होता, तो आला नाही. आली ती फक्त मळमळ. वरच्या कार्यालयाच्या असल्या तोंडाला चावा घेता येत नाही. काही टाकलं तरी ते गिळतं आणि ढेकर देतं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "सोडते मी ही नोकरी. वीट आला." तो म्हणाला, "सोड. शिवणाचं मशीन आहेच घरात." पण त्या सोडतील यावर दोघांपैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

सहामाही परीक्षेनंतर एका दुपारी मुंगी बाईंच्या दारात उभी राहिली. ती आता पाचवीत होती. हातात उत्तरपत्रिका.

"बाई, मला चारपैकी तीन मिळाले. माझंच वाक्य होतं. मी लिहिलं, 'ज्याला खरंच प्रश्न पडतो तो उत्तर देणाऱ्याकडे बघतो.' सरांनी काट मारली."

"का?"

"पुस्तिकेत 'जिज्ञासू विद्यार्थी नेत्रसंपर्क राखतो' असं आहे."

बाईंनी खडू खाली ठेवला, वर्गाला वाचायला काढून दिलं, आणि मुंगीला घेऊन पाचवीच्या वर्गाकडे निघाल्या. पाचवीचे सर तरुण होते, टेबलावर पेपरांचा ढीग, शेजारी चहा. त्यांनी उत्तरपत्रिका पाहिली, पुस्तिका पाहिली, पुन्हा उत्तरपत्रिका पाहिली.

"बाई, अर्थ तोच आहे, कबूल. पण मला दिलेल्या उत्तरात असं आहे. मी काय करू?"

"हे उत्तर तिचं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या पुस्तिकेने तिचं घेतलंय. मूळ खोडून नक्कल बरोबर, हे कशावरून?"

सर हसले. पण दोघींपैकी कुणीच हसेना आणि कुणीच हलेना, तेव्हा त्यांचं हसू ओशाळं झालं. "बरं, देतो एक गुण." त्यांनी तिनाचे चार केले.

"सर, गुण नको होता," मुंगी म्हणाली. "चूक काय होती ते हवं होतं."

सरांनी बराच वेळ पुस्तिकेचं पान उलटसुलट केलं. मग म्हणाले, "अजून माहीत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माणूस थकलेला होता, पण मान हलवत नव्हता.

त्या संध्याकाळी बाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि पुढच्या वर्षी पाचवीचा वर्ग मागितला. दोन तुकड्या आहेत, त्या म्हणाल्या, एक त्या तरुण सरांची, दुसरी मला द्या. मोठे सर म्हणाले, तिथे खोक्याची परीक्षा आहे, तुम्हाला झेपेल का? रोज किळस येईल तुम्हाला.

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "पेपर मी तपासणार."